क्रोशाच्या कापडाखालची तार

नवऱ्याने तार उघडली, ओठ हलवत एकदा वाचली, मग दुसऱ्यांदा वाचली आणि म्हणाला, "अगं, जिवंत आहेत."

सासू म्हणाली, "कोण?"

"हिचे वडील. सिरीयस आहेत, ताबडतोब निघा म्हटलंय."

मी विचारलं, "कधी आली?"

तो कागदाकडे बघत राहिला. मला इंग्रजी येत नाही. गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, तेवढंच. पण तारेवर आकडे असतात आणि आकडे मला कळतात. मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. शनिवारची तारीख होती, दुपारची वेळ होती. आज रविवार होता, संध्याकाळचे साडेआठ वाजून गेले होते, आणि पाहुणे नुकतेच चपला घालून उतारावरून खाली गेले होते. टीव्ही चालूच होता. एक बाई बातम्या सांगत होती.

सासू पाटावर बसली. म्हणाली, "माका वाटला कोण तरी मेला."

मेलं असेल असं वाटलं, म्हणून तिने तार दीड दिवस दाबून ठेवली. माणूस मेलेलं असेल तर घाई कसली? हा तिचा हिशेब. आणि तो चुकला होता, कारण माझा बाप त्या वेळी जिवंत होता.

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लोकांत तार म्हणजे मरण. पोरगा पास झाला, पोरगी बाळंत झाली, ह्या गोष्टी पत्राने कळायच्या, नाहीतर गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर निरोप यायचा. तार आली की चाळीतल्या बायका आधी रडायला लागत, आणि मग ती वाचून दाखवणारा माणूस शोधत. दुसरी गोष्ट सुतकाची. सुतक लागतं ते कानावर आल्यापासून. कळलंच नाही तर लागत नाही. त्यामुळे घरात मंगलकार्य असलं आणि तार आली, तर ती न उघडता ठेवायची हे काही माझ्या सासूने शोधून काढलेलं नव्हतं. अक्षता पडेपर्यंत तार तांदळाच्या डब्यात राहिलेली घरं मला माहीत आहेत. फक्त त्या घरांत माणसं खरोखरच मेलेली होती.

आम्ही घाटकोपरला राहत होतो, पश्चिमेला, टेकडीवरच्या चाळीत. एक खोली, एक मोरी, वर पोटमाळा. सासू, नवरा, माझी नणंद, मी आणि माझी दोन वर्षांची मुलगी. सासरे गिरणीत होते, ते माझ्या लग्नाआधीच वारले. रंगीत टीव्ही तेव्हा मुंबईत आले होते, पण ते आमच्यासाठी नव्हते. आमचा काळा-पांढरा. लाकडी पेटी, दोन बाजूंनी सरकणारं शटर, शटरला कुलूप. किल्ली सासूच्या कमरेला. ती किल्ली तिने देवाच्या कपाटाच्या किल्लीबरोबर एकाच दोऱ्यात ओवली होती.

टीव्ही आणला तो नणंदेसाठी. ती तेवीसची झाली होती, दोन स्थळं परत गेली होती. चेंबूरचं तिसरं स्थळ येणार होतं. मुलगा कारखान्यात कायम होता. सासूच्या डोक्यात बसलं होतं की घरात टीव्ही नाही म्हणून लोक परत जातात. मी एकदा म्हणाले, "आई, पोरीचा दात पुढे आहे तो टीव्हीच्या मागे लपणार आहे का?" चार दिवस माझ्याशी बोलली नाही. चार दिवस घर शांत होतं.

मग ठरलं, रविवारी संध्याकाळी बोलवायचं. सिनेमाच्या वेळेला. मुलगी दाखवायची, पोहे द्यायचे, चहा द्यायचा, आणि सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा. नवरा म्हणाला, "सिनेमात माणसं गुंततात, जास्त प्रश्न विचारत नाहीत." तो स्वतःला हुशार समजायचा.

शनिवारी मी रॉकेलच्या रांगेत होते. जेवून एक वाजता गेले, चार वाजता आले. ह्या तीन तासांत तारवाला येऊन गेला. घरात सासू आणि नणंद होत्या. सही नणंदेने केली, कारण सासू अंगठा द्यायची आणि तिला शाईचं बोट आवडत नसे. तारेवर पत्ता नवऱ्याच्या नावाचा. गाव सगळ्यांचं एकाच बाजूला, मालवणकडे. सासूचं माहेर तिथे, माझं माहेर तिथे. सासूचा थोरला भाऊ महिनाभर अंथरुणाला होता. म्हणून तिने धरलं की तो गेला.

हे मला लोक अजून सांगतात. बघ, तिला वाटलं स्वतःचा भाऊ गेला, तरी तिने लेकीसाठी ते पोटात ठेवलं. किती मोठं मन. मोठं मन असतं तर तिने ते तिच्या पोटात ठेवलं असतं. तिने ते टीव्हीवर ठेवलं. टीव्हीवर मी विणलेलं क्रोशाचं पांढरं कापड होतं, त्यावर प्लास्टिकचे गुलाब असलेली फुलदाणी. कापडाखाली तार सरकवली आणि वर फुलदाणी ठेवली. नव्या टीव्हीला कोणी हात लावणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी रॉकेलचा डबा घेऊन आले तेव्हा ती मला म्हणाली, "किती वेळ लावलंस." दुसरं काही नाही.

नंतर मी नणंदेला विचारलं की तेव्हा काय बोलणं झालं. तिने सांगितलं ते असं. ती तार उघडायला गेली, सासूने हात धरला.

"उघडू नको. उघडलंस काय सुतक इला."

"अगं पण आई, कोणाचं ते तरी बघू."

"उद्या बघूया. तुझी माणसां इलीत, गेलीत, मग बघूया. मेलेला माणूस खय जाता?"

नणंद दहावी पास होती. तिला वाचता आलं असतं. नाही वाचली.

रविवारी सकाळपासून मी राबत होते. पोहे भिजवले, खोबरं किसलं, मोरी घासली, पोरीला आंघोळ घातली. हेही सांगून ठेवते. माहेरचं सुतक मला तीन दिवस. तार उघडली असती आणि ती माझ्या बाजूची निघाली असती, तर मी बाजूला बसले असते, मला शिवायचं नाही, माझ्या हातचं खायचं नाही. मग पोहे कोण करणार होतं? सासूला चुलीपुढे बसवत नव्हतं आणि नवऱ्या मुलीने पोह्यांच्या धुरात केस खराब करायचे नव्हते. हे त्यांच्या मनात आलंच नाही असं कोणी मला सांगू नये.

पाचला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचा मामा. मुलगा चांगला होता, खाली मान घालून बसला. मुलाची आई टीव्हीकडे बघून म्हणाली, "नवीन वाटतं?" सासू म्हणाली, "नाय, बरेच दिवस झाले." शेजारच्या बायका दारात उभ्या, त्यांनी एकमेकींकडे बघितलं. सकाळी त्यांच्याच पोरांनी पत्र्यावर चढून अँटेना बांधला होता.

सिनेमा लागला. मी चहाचे कप विसळून पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले. गोष्ट एका घरातून हाकललेल्या सुनेची होती. बायका डोळे पुसत होत्या. माझी सासूही पुसत होती. मधे बातम्यांसाठी सिनेमा थांबला तेव्हा मामा उठला आणि टीव्हीवर हात ठेवून म्हणाला, "अहो, हे कापड काढा वरचं. तापलाय बघा किती. गरम हवा जायला नको का? आमच्या खालच्यांचा असाच उडाला."

आणि कोणीतरी म्हणालं, "राहू दे ते कापड."

कोण म्हणालं, ह्यावर माझं आयुष्य गेलं. माझ्या कानात नवऱ्याचा आवाज आहे. त्याचाच. थोडा घाईचा. तो म्हणाला असेल तर त्याला माहीत होतं कापडाखाली काय आहे. आणि त्याला माहीत असेल तर तोही दीड दिवस माझ्याशी बोलत, माझ्या हातचं खात, माझ्या शेजारी झोपत होता. तो मरेपर्यंत सांगत राहिला, "मी नाही बोललो. आई बोलली." सासू म्हणायची, "असा कोणीच बोललेला नाय."

मामा बसला. बातम्या संपल्या, सिनेमा पुन्हा सुरू झाला. मी त्या टीव्हीकडे तोंड करून अडीच-तीन तास बसले होते. तार माझ्यापासून चार हातांवर होती.

पाहुणे गेले ते खूश होऊन गेले. मुलाची आई दारात सासूचा हात धरून म्हणाली, "कळवतो." पण असं म्हणाली की कळलंच. मग सासूने फुलदाणी उचलली, कापड बाजूला केलं, तार नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "वाच." पुढचं मी वर सांगितलंच आहे.

शेवटची एसटी गेलेली होती. मे महिना. सगळे चाकरमानी गावाला निघालेले. सोमवारी नवरा कुर्ल्याच्या डेपोत जाऊन उभा राहिला, सीट मिळाली नाही. संध्याकाळी मी पोरीला घेऊन तशीच चढले, ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनावर बसून गेले. खालून चटका बसत होता. नवरा आला नाही. त्याला सुट्टी नव्हती, आणि चेंबूरहून निरोप यायचा होता.

मंगळवारी सकाळी फाट्यावर उतरले. पोरीला काखेत घेऊन चालत गेले. अंगणात भाऊ बसला होता, डोकं भादरलेलं. मला सांगायची गरज राहिली नाही.

भावजय बाहेर आली. पोरीला घेतलं नाही, सुतकात होती. दारातूनच म्हणाली, "तार नाय मिळाली काय गो?"

"मिळाली."

"मग?"

मी जळत होते. इंजिनावर रात्रभर बसले होते, घशाला कोरड होती, आणि मला त्या क्षणी सासूचं नाव तोंडातून काढायचं नव्हतं. मी म्हणाले, "रविवारी घरी सिनेमा होता."

मला म्हणायचं होतं ते वेगळं होतं. माझ्या घरच्यांनी काय केलं बघा, असं म्हणायचं होतं. पण भावाने तेवढंच वाक्य ऐकलं. तो उठून मागीलदारी गेला. दुपारपर्यंत वाडीत झालं की मुंबईवाली सिनेमा बघत बसली. मी नंतर तीन वेळा खरं सांगितलं, त्याने ऐकलं, मान हलवली. पण ते वाक्य काही गेलं नाही. पुढे बारा वर्षांनी त्याच्या मुलीच्या लग्नात एक म्हातारी मला बघून दुसरीला म्हणाली, "तीच ही, बापूस मरत हुतो आणि टीव्ही बघी." मी तिला काय सांगणार? बाप मरत होता आणि मी टीव्ही बघत होते, हे खरंच आहे.

रविवारी वडिलांना बरं वाटत होतं, असं भावजय म्हणाली. खुर्ची ओटीवर आणून त्यांना बसवलं होतं. सकाळच्या गाडीच्या वेळेला विचारलं, "मुंबयवाली इली?" दुपारच्या गाडीच्या वेळेला पुन्हा विचारलं. पेज प्याले. माझी पोरगी त्यांनी पाहिलेली नव्हती. तिच्यासाठी त्यांनी नारळाच्या करवंटीची भातुकली घासून ठेवली होती. संध्याकाळी आत नेलं. सोमवारी पहाटे गेले. उन्हाळ्यात ठेवता येत नाही, तरी दुपारपर्यंत ठेवलं.

शनिवारी दुपारी तार उघडली असती तर मी शनिवारी संध्याकाळच्या गाडीला बसले असते, रविवारी सकाळी पोचले असते. पूर्ण एक दिवस मिळाला असता. हा हिशेब मी किती वेळा केला आहे ते सांगत नाही.

करवंट्या मी घेऊन आले. पोरगी आठवडाभर खेळली, मग एक फुटली, बाकीच्या सासूने चुलीत घातल्या.

नणंदेचं लग्न दिवाळीनंतर झालं. चेंबूरला नांदली, पुढे बोरिवलीला मोठं घर घेतलं. नवरा चांगला निघाला. दारू नाही, मारणं नाही, बायकोला विचारल्याशिवाय काही नाही. तो वाईट निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. हे वाचून कोणाला मी दुष्ट वाटेन. वाटू दे.

आता टीव्हीचं. तो घरात राहिला. घरात येणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे तोंड करून बसायचा. मी त्याच्याकडे पाठ करून भाजी निवडायची. दोन वर्षं मी सिनेमा बघितला नाही. मग बघायला लागले. माणूस किती दिवस भिंतीकडे बघणार? पण क्रोशाचं कापड मी काढून टाकलं, मोरीत पाय पुसायला ठेवलं. सासू म्हणाली, "एवढी मेहनतीची वस्तू." मी म्हणाले, "माझी मेहनत आहे, तुम्ही पाय पुसा."

आठवणीचं काय होतं ते बघा. बापाचा चेहरा मला नीट आठवत नाही. कान आठवतात, मोठे होते. हात आठवतात. चेहरा आठवायला गेले की भावाचा येतो. पण तो सिनेमा मला सगळा आठवतो. हाकललेली सून कुठल्या पुलावर उभी राहते, तिच्या हातात कसलं गाठोडं असतं, तिची साडी लाल, काठ पिवळा. हे एकदा मी नणंदेला बोलले. ती माहेरपणाला आली होती. ती हसली.

"वहिनी, लाल कुठली? आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट होता ना."

"मला लाल आठवते."

"हेच तर म्हणते मी. तुला लाल साडी आठवते, दादाचा आवाज आठवतो. सगळं तुझ्या डोक्यातलं."

"तार पण माझ्या डोक्यातली?"

"तसं नाही म्हटलं मी. तार आली होती. पण रविवारी सकाळी आली असेल, शनिवारी कशाला? आता कोणाला आठवतंय."

"सही तू केलीस."

"मी केली असेल. रोज काय काय सह्या करतो माणूस."

लाल साडी कुठून आली मला माहीत नाही. पण तेव्हापासून घरात ठरलं की वहिनीला काळ्या-पांढऱ्यात रंग दिसतात. मी काही बोलले की नवरा म्हणायचा, "हो, लाल होती," आणि सगळे हसायचे. तार सोमवारी आली, रविवारी आली, आलीच नव्हती भाऊच आला होता, अशा तीन गोष्टी घरात फिरत होत्या. मी कागद जपून ठेवला नव्हता. त्या रात्री मुठीत चुरगळला तो कुठे गेला माहीत नाही. मला अक्कल नव्हती. ज्या घरात राहायचं आहे तिथे पुरावा ठेवावा लागतो हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मग सासूचं डोकं फिरायला लागलं. चार-पाच वर्षांनी. आधी किल्ली कुठे ठेवली ते विसरायची, मग जेवलेलं विसरायची. टीव्हीतल्या बाईला "ये, बस" म्हणायची. तिचं सगळं मी काढत होते, नणंद महिन्यातून एकदा केळी घेऊन यायची. एक दिवस मी नळावरून हंडा घेऊन आले तर घरात चार बायका बसलेल्या, समोर सासू, आणि एक बाई पदराने डोळे पुसत होती.

सासू सांगत होती, "माझ्या बापाशीची तार इली. सासूयेन माका सांगल्यानच नाय. कापडाखाली लपवन ठेवल्यान. मी थयच बसलेली, पोराक मांडीवर घेवन. बापूस माझी वाट बघी ओटयेर."

एक बाई म्हणाली, "बाई गं, कसल्या एकेक सासवा."

मी हंडा खाली ठेवला. पाणी सांडलं. मी म्हणाले, "ती माझी तार आहे."

सासूने माझ्याकडे बघितलं. अगदी साधेपणाने बघितलं. म्हणाली, "तुझी कसली? तुझो बापूस बरो आसा मा?"

"मेला तो. तुम्ही तार दाबलीत म्हणून मला दिसला नाही."

"असा काय बोलतास गो? माझी सासू तशी हुती. मी तुका कधी त्रास दिलंय?"

बायका उठल्या. एक मला बाजूला घेऊन म्हणाली, "जाऊ दे, म्हातारं माणूस आहे. आणि तिनेही किती भोगलंय बघ." ही बाई त्या रविवारी आमच्या दारात उभी राहून सिनेमा बघत होती. तिला आठवत नव्हतं.

मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो टीव्ही बघत होता. म्हणाला, "तिला काय कळतंय आता. म्हणू दे ना." मी म्हणाले, "ती माझा बाप घेऊन गेली." तो म्हणाला, "हळू बोल, ऐकू येत नाहीये." त्याला टीव्ही ऐकू येत नव्हता.

पुढे ती रोज सांगायची. दूधवाल्याला सांगितलं, इंजेक्शन द्यायला आलेल्या बाईला सांगितलं. रडायची, खरं पाणी यायचं डोळ्यांत. करवंट्यांची भातुकलीसुद्धा तिने घेतली. मी तिला ती कधी सांगितली नव्हती, चुलीत घालताना तिने बघितलं असेल तेवढंच. मला ज्यासाठी रडायला कोणी दिलं नाही त्यासाठी तिला चहा मिळायचा, पाठीवरून हात मिळायचा.

मी किल्ली काढून घेतली. तिच्या कमरेचा दोरा सोडला आणि माझ्या कमरेला बांधला. दुपारी घरात आम्ही दोघीच असायचो तेव्हा मी शटर ओढून कुलूप लावायची. ती म्हणायची, "लाव गो." मी म्हणायची, "आधी सांगा, तार कोणाची." ती म्हणायची, "माझी." मी कुलूप लावलेलं ठेवायची. तिला तासाभराने काही आठवायचं नाही, ती पुन्हा म्हणायची, "लाव गो." मी पुन्हा विचारायची. असं सात-आठ महिने चाललं. एकदाही तिने "तुझी" म्हटलं नाही. मला वाटायचं, आज म्हणेल. मला तेवढं एकच ऐकायचं होतं. तिचं गू-मूत मी काढलं, तिला वेळेवर जेवण दिलं, अंगाला व्रण पडू दिला नाही. टीव्ही दिला नाही. तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेली. गावाला तार नवऱ्याने केली.

नवरा गेला त्यालाही आता खूप वर्षं झाली. इस्पितळात शेवटच्या दिवसांत मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, आई बोलली. आणि मला पुन्हा त्याचा आवाज ऐकावा लागला असता.

गेल्या महिन्यात नणंदेचा फोन आला. ती आता सत्तरीकडे आली, रात्री झोप लागत नाही म्हणते. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "वहिनी, एक सांगू? रागावू नकोस."

"रागावणार की नाही ते ऐकल्यावर ठरवेन."

"तार शनिवारीच आली होती. मीच घेतली. आई चुलीकडे गेली तेव्हा मी कडा उचलून आत बघितलं होतं गं. फादर हा शब्द दिसला. मला कळलं की तुझ्याकडचं आहे. आमच्या आजारी मामाचं नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढचं वाचलं नाही. खरंच नाही वाचलं. मला वाटलं, गेलेच असतील. वाचलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. आणि मग ते लोक परत गेले असते. तिसरं स्थळ होतं ते, वहिनी."

"आईला सांगितलंस?"

"नाही. दादाने वाचून दाखवेपर्यंत तिला वाटत होतं की आमच्या मामाची आहे."

म्हणजे सासूला माहीत नव्हतं. जिला सात-आठ महिने कुलूप दाखवलं तिला माहीत नव्हतं. हे ऐकून मला तिची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती तार तिनेच दाबली. पण जी माहीत असून माझ्या हातचे पोहे ताटलीत घेऊन मिरवली ती दुसरीच होती, आणि तिला मी तीस-पस्तीस वर्षं माहेरपणाला बोलावून पुरणपोळ्या घातल्या.

मी विचारलं, "तुझ्या दादाला माहीत होतं का?"

पलीकडे तिच्या घरात टीव्ही चालू होता, तो ऐकू येत होता.

मी पुन्हा विचारलं, "तुझ्या नवऱ्याचे मामा म्हणाले कापड काढा, तेव्हा राहू दे कोण म्हणालं?"

"मला नाही आठवत, वहिनी. देवाशपथ नाही आठवत. मी मुलाकडे बघत होते."

मी फोन ठेवला. त्यानंतर तिचे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत. घेणारही नाही.

मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, किती वर्षं झाली त्याला." तिला त्यातलं काही आठवत नाही, ती मांडीवर झोपली होती.

त्या रविवारी त्या खोलीत सासू होती, नवरा होता, मुलाची आई होती, मामा होता. ते सगळे गेले. नणंद, तिचा नवरा, माझी मुलगी आणि मी, अशी चौघं जिवंत आहोत. त्यातल्या तिच्या नवऱ्याला मी ते अजून विचारलेलं नाही.